पायथ्याची माती

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून हिऱ्यामोत्यांची उपमा देऊन बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज मातीविषयी बोलणार आहे. आणि तीही दूरची नव्हे, तर शाळेच्या मागच्या उतारावरची, पावसाळ्यात आपल्या पायांना लागून वर्गात येणारी आणि त्यासाठी आपण बोलणी खाल्लेली तांबडी माती. मृदाशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. गेली अनेक वर्षे माझे वास्तव्य लखनौच्या इंदिरा नगरात आहे. या मातीचे वेगळेपण मला येथे राहत असताना नव्हे, तर तिच्यापासून जवळजवळ दीड हजार किलोमीटर दूर गेल्यावर उमगले. ते कसे, हे आधी सांगते.

इंदिरा नगरात आमच्या शेजारच्या भूखंडावर कूपनलिका खोदली जात होती. आपल्या सवयीप्रमाणे मी दगड लागल्याच्या आवाजाची वाट पाहत होते. तो आवाज आला नाही. पिवळसर गाळ, मग बारीक वाळू, मग चुनखडीचे खडे, ज्यांना तिकडे कंकर म्हणतात, आणि पुन्हा वाळू. गंगेच्या मैदानात असा गाळ शेकडो मीटर खोल आहे. लखनौच्या मुलाला दगड पाहायचा असेल, तर तो कुणीतरी गाडीत घालून आणलेला असावा लागतो. पण वर आलेली ती वाळू उन्हात चमकत होती. चिमूटभर तळहातावर घेतली, तर तिच्यात अभ्रकाची बारीक पापुद्र्यासारखी चकाकती कणी होती. मला एकदम आपले कडावल आठवले. तिथल्या अभ्रकाचे पापुद्रे सोडवून त्यांतून सूर्याकडे पाहण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी केला असेल.

हे अभ्रक लखनौला कसे पोहोचले? शहरातून वाहणारी गोमती हिमालयात उगम पावत नाही. तिचा उगम पिलिभीत जिल्ह्यातील एका तळ्यात, मैदानातच होतो. परंतु ज्या गाळातून ती वाहते, तो गाळ हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी लक्षावधी वर्षे आणून पसरलेला आहे. हिमालयाच्या गाभ्यात पट्टिताश्म आणि सुभाजा हे रूपांतरित खडक आहेत. त्यांतले अभ्रक झिजून, वाहून इंदिरा नगराच्या पोटात साठले. आपल्या डोंगराच्या पायथ्याशीही पट्टिताश्म आणि सुभाजाच आहेत. म्हणजे दोन्ही मातींचे कूळ एकाच जातीच्या खडकांचे. एक माती प्रवास करून सपाटीवर जाऊन बसली, दुसरी जन्मस्थानाच्या पायरीवरच राहिली. या एका फरकाने दोघींचे स्वभाव किती वेगळे झाले, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टने व्यापलेला आहे. म्हणून पाठ्यपुस्तकात आपण शिकतो ती काळी कापसाची जमीन. परंतु पूर्व विदर्भ आणि आपला सिंधुदुर्ग हे भाग या बाबतीत वेगळे आहेत. आंबोलीच्या घाटमाथ्यावर बेसाल्ट आणि जांभा दिसतो. घाट उतरून कुडाळ-सावंतवाडीच्या अंगाला आलात, की त्या लाव्ह्याच्याही खालचे, कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हे खडक त्याहून कित्येक पटींनी जुने. भूगर्भातील उष्णता आणि दाब यांनी त्यांचे मूळ रूप पालटले, त्यांतील खनिजे पुन्हा नव्याने रांगेत लागली, म्हणून त्यांना रूपांतरित खडक म्हणतात. पट्टिताश्मातील पांढरे-काळे पट्टे आणि सुभाजाचे वहीच्या पानांसारखे सुटणारे पदर ही त्या रूपांतराची खूण होय.

अशा खडकावर दरवर्षी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी पदरांच्या फटींतून आत शिरते. फेल्स्पार या खनिजाची हळूहळू केओलिनाइट नावाची चिकणमाती होते. गारेचे कण बदलत नाहीत; त्यांची वाळू होते. काळ्या अभ्रकातील लोह सुटे होते, त्याला हवा लागते आणि ते गंजते. मातीचा तांबडा-पिवळा रंग तो हाच. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीपाशी थांबून पाहा. वरचा हातभर थर तपकिरी आणि मुळांनी विणलेला, त्याखाली तांबडी माती, आणि त्याच्याही खाली असा एक थर, की ज्यात खडकाचे पट्टे जसेच्या तसे दिसतात, पण बोट लावले तर तो भुगा होतो. खडक मरतो आणि माती जन्मते, त्या संधिकाळाचे दर्शन तिथे घडते.

या मातीचा पहिला गुण म्हणजे निचरा. वाळूचे कण मोठे, उतार बेताचा आणि केओलिनाइट ही चिकणमाती सालस स्वभावाची: काळ्या जमिनीतील मातीसारखी ती पाण्याने फुगत नाही आणि उन्हाने भेगाळत नाही. म्हणून मुसळधार पाऊस थांबल्यावर तासाभरात आपल्या मैदानावर कवायत होऊ शकते. इंदिरा नगरात तेवढ्या पावसानंतर गल्लीत पाणी साचून राहते. लखनौच्या आसपास ऊसर नावाची जमीन आहे. तिच्यातील सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात, छिद्रे बुजतात, सामू दहापर्यंत चढतो आणि उन्हाळ्यात तिच्यावर रेह नावाचा पांढरा क्षार फुलतो. तिथला शेतकरी जिप्सम घालून पाणी खाली जाण्यासाठी वाट करतो. आपल्याकडे ती वाट निसर्गानेच करून ठेवली आहे. मुळांना पाणी जितके लागते, तितकीच हवाही लागते, हे ऊसर जमीन पाहिल्यावर पटते.

निचरा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रंग पुरे. जिथे हवा खेळते, तिथे माती खोलवर एकसारखी तांबडी राहते. जिथे पाणी तुंबते, तिथे ती करडी होते आणि तिच्यात गंजाचे ठिपके दिसतात. आपल्या वाडवडिलांनी हे वाचले होते. उताराच्या वरच्या अंगाची उथळ, खडेमिश्रित वरकस जमीन त्यांनी नाचणी-वरीला दिली, मधल्या खोल तांबड्या जमिनीत आंबा, काजू, रातांबा लावला आणि तळाच्या पाणथळ मळ्यात भात केला. एकाच उताराच्या या तीन पायऱ्या आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेला काजू इथे रुजला, तोही याच निचऱ्यामुळे, कारण मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. वेंगुर्ल्याला १९५७ साली सुरू झालेल्या फळ संशोधन केंद्रातून 'वेंगुर्ला' नावाच्या काजूच्या जाती पुढे आल्या. त्या जातींच्या यशात या मातीचाही वाटा आहे.

परंतु मित्रहो, गुणाचीच दुसरी बाजू असते. ज्या वाटेने जादा पाणी जाते, त्याच वाटेने चुना, पालाश आणि मॅग्नेशियमही धुऊन जाते. म्हणून आपल्या मातीचा सामू पाच ते सहाच्या आसपास, म्हणजे आम्ल असतो. केओलिनाइटची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती थोडी. घातलेले स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम बांधून ठेवतात. मग ही जमीन इतकी हिरवी कशी? तिची श्रीमंती खडकात नाही, ती वरच्या वीतभर थरात, पातेऱ्यात आहे. झाड खोलवरून अन्नद्रव्य ओढते, पानात साठवते, पान गळते, कुजते आणि तेच अन्न पुन्हा मुळाशी येते. हे रहाटगाडगे फिरते आहे, तोवर माती समर्थ. वणव्याने पातेरा जळाला, किंवा यंत्राने तो थर खरवडला, की खाली उरते ती केवळ रंगाने देखणी, पोटाने रिकामी माती.

याचा धडा दुसऱ्या एका पायथ्याने जगाला दिला आहे. अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वताच्या पूर्वेकडील प्रदेशाला पीडमाँट म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच डोंगराचा पायथा. तिथेही पट्टिताश्म आणि सुभाजा आहेत आणि त्यांची तांबडी माती आहे. १९०५ साली ह्यू बेनेट हा तरुण मृदा-सर्वेक्षक व्हर्जिनियातील लुइझा परगण्यात काम करीत होता. त्याला शेजारशेजारचे दोन तुकडे दिसले: एकच खडक, एकच उतार, एकावर रान, दुसऱ्यावर वर्षानुवर्षे कसलेले शेत. रानातली माती इतकी भुसभुशीत आणि ओलसर, की हाताने उकरता यावी. शेतातली घट्ट, कडक. बेनेटच्या ध्यानात आले, की शेतातली माती वेगळी नव्हतीच. तिचा वरचा थर पावसाने पातळ पापुद्र्यासारखा दरवर्षी थोडा थोडा उचलून नेला होता, आणि घळी पडल्या नसल्यामुळे ते कुणाला दिसले नव्हते. पुढे त्याच्याच आग्रहातून १९३५ साली तिथे मृदासंधारणाचा राष्ट्रीय कायदा झाला. एका निरीक्षणापासून कायद्यापर्यंत तीस वर्षे लागली.

आपल्या उतारांवर मी या वेळी यंत्राने कापलेल्या पायऱ्या पाहिल्या. नव्या बागांसाठी रान काढून, उतार उभा तासून, माती खालच्या अंगाला लोटलेली आहे. बागा लावू नयेत असे मी म्हणणार नाही. पोट भरण्याचा तो रास्त मार्ग आहे. पण तांबडी माती आणि तिच्याखालचा मऊ थर कठीण खडकावर केवळ टेकलेला असतो, आणि सुभाजाचे पदर जिथे उताराच्याच दिशेने कललेले असतात, तिथे पाणी त्या पदरांवरून आधार सोडवत जाते. निचऱ्यालाही मर्यादा आहे. ३० जुलै २०२४ रोजी केरळात वायनाड जिल्ह्यात, याच सह्याद्रीच्या दक्षिण अंगाला आणि अशाच रूपांतरित खडकांच्या प्रदेशात, दोन दिवसांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यावर डोंगर खाली आला आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. इतका पाऊस आपल्याला अनोळखी नाही.

आता थोडा हिशेब. एक हेक्टर जमिनीवरून फक्त एक मिलिमीटर माती गेली, तर ती दहा घनमीटर, म्हणजे सुमारे तेरा टन भरते. आणि एक सेंटिमीटर माती घडायला शेकडो वर्षे लागतात. आपली शाळा साठ वर्षांची झाली. या साठ वर्षांत किती पिढ्या घडल्या, ते या स्मरणिकेच्या पानांतून कळेल. तेवढ्या काळात मागच्या डोंगराने फार तर एकदोन मिलिमीटर नवी माती घडविली असेल. उघड्या उतारावर एक पावसाळा तेवढी माती व्हाळात नेऊ शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवते. त्याला खर्च जवळजवळ नाही. शाळेच्या परिसरात तीन जागा निवडा: एक रानातली, एक जुन्या काजूच्या बागेतली, एक उघडी कापलेली. प्रत्येक ठिकाणी हातभर लांबीच्या दहा लोखंडी सळया जमिनीत ठोका आणि त्यांचा किती भाग वर दिसतो, ते मोजून वहीत लिहा. दरवर्षी आगोटीला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजा. त्याच ठिकाणी वीतभर खड्डा करून पाण्याने भरा. ते मुरले, की पुन्हा भरा आणि दुसऱ्या खेपेस पाणी मुरायला किती वेळ लागतो, तोही लिहा. वही पुढच्या इयत्तेकडे सोपवा. पाचसहा वर्षांत तुमच्याकडे या गावाच्या मातीचा असा दाखला तयार होईल, जो विद्यापीठालाही मागून घ्यावा लागेल. मग समतल चर कुठे खणावेत, गडगा कुठे बांधावा, कुठला उतार मुळीच कापू नये, हे ग्रामसभेत तुम्ही आकड्यांनिशी सांगू शकाल.

मी लखनौला परत जाताना या उताराची मूठभर माती बरोबर नेणार आहे. तिथे इंदिरा नगरातल्या वाळूची एक बाटली माझ्या टेबलावर आहे. तिच्या शेजारी ही ठेवीन. दोन्हींत अभ्रक चमकते. एका बाटलीतली माती केव्हाच डोंगर सोडून आलेली आहे, दुसरी अजून डोंगराला धरून आहे. ती तशीच राहावी, एवढेच या शाळेकडे मागणे आहे. सळयांच्या पहिल्या मोजणीचे आकडे मला दिवाळीनंतर जरूर कळवा.