मोटारसायकलचे दाते मोजा

(तळवली येथील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात आपण भागाकार शिकलो. आज तोच भागाकार मोटारसायकलला लावून पाहू. हसू नका. आपल्या तळवलीत एका माणसाचे सात हजार रुपये या भागाकाराने वाचले. तो माणूस आज इथेच, मागच्या ओळीत बसला आहे. नाव सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नाही.

त्याचा धंदा पाण्याचा. वीस वीस लिटरचे जार तो रबाळ्याच्या आणि महाप्याच्या कारखान्यांत पोचवतो. गाडी शंभर सीसीची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. दोन्ही अंगांना दोन दोन जार. वीस चोक ऐंशी, म्हणजे ऐंशी किलो पाणी, वर तो स्वतः. एवढे ओझे गाडीला जादाच होते. आम्ही त्याला ते सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, दोन जार नेले तर पेट्रोलचे पैसेसुद्धा सुटत नाहीत." यावर आम्ही काय बोलणार?

तर घणसोली-तळवलीचा उड्डाणपूल चढताना ही गाडी धापा टाकी. चौथ्याचा तिसरा गिअर, तिसऱ्याचा दुसरा. क्लचचा जळका वास येई. एका गॅरेजवाल्याने इंजिनाचा आवाज ऐकला आणि सांगितलं, "इंजिन गेलं. पिस्टन बदलावा लागेल. सात हजार." बिचारा कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे आला.

आम्ही म्हटलं, "दादा, अर्ज लिहू. पण गाडीची पुस्तिका आहे का?" पुस्तिका होती. सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती. वाचता येत नव्हते तोवर तिचा उपयोग काय? आता तो आकडे वाचतो. त्यानेच पान काढले. पुढे १४ दाते, मागे ४२ दाते, असे त्यात छापले होते.

हे दाते कोणाचे? सायकल सर्वांनी पाहिली आहे. पायडलाजवळ एक दातेरी चकती असते, मागच्या चाकाला दुसरी. दोन्हींवर साखळी. मोटारसायकलचेही तसेच. फक्त पायांच्या जागी इंजिन. आणि इथे पुढची चकती लहान, मागची मोठी. या चकतीला स्प्रॉकेट म्हणतात. गॅरेजात कोणी 'चेन-सॉकेट'ही म्हणतात. नाव कोणतेही घ्या, दाते खोटे बोलत नाहीत.

आता पाटीवर मांडा. बेचाळीस भागिले चौदा. उत्तर आले तीन. म्हणजे पुढची चकती तीनदा फिरते तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. यात इंजिनाचा काय फायदा? तुमच्यापैकी काहीजणांनी पारसिकच्या डोंगरात दगडखाणीवर काम केले असेल. मोठा दगड हाताने हलत नाही. लांब पहार लावली की हलतो. पण हात वीतभर खाली जातो तेव्हा दगड बोटभर उचलतो. जोर वाढला, चाल घटली. चकत्यांचेही अगदी तसेच आहे. तीन फेऱ्यांचा जोर एका फेरीत येतो, म्हणून चाक ओझे ओढते.

आम्ही दोघांनी गाडीच्या डाव्या बाजूचे झाकण उघडले. पुढची चकती तेलाच्या काळ्या चिखलाने भरली होती. रॉकेल नव्हते, डिझेलच्या फडक्याने पुसली. तिच्या तोंडावर इंग्रजी आकडे ठोकलेले होते. त्याने बोट ठेवून वाचले, "चार, दोन, आठ. मग एक, पाच." आणि आमच्या तोंडाकडे पाहू लागला. पुस्तिकेत १४ आणि इथे १५! दाते मोजले. पंधराच भरले. गाडीच्या आधीच्या मालकाने एक दात वाढवून घेतला होता.

एका दाताने काय होते, असे कोणी म्हणेल. बेचाळीस भागिले पंधरा करा. उत्तर येते २.८. तीनाच्या जागी पावणेतीनाच्या थोडे वर. चाकापाशी पोचणारा जोर बरोबर पंधराव्या हिश्श्याने घटला, आणि तोही सगळ्याच गिअरांत, कारण गिअरपेटीच्या आतले काही बदललेले नाही, तिच्या बाहेरचे बदलले आहे. मोकळ्या गाडीला हा पंधरावा हिस्सा कळतही नाही. ऐंशी किलो पाणी घेऊन पूल चढणाऱ्याला कळतो.

मग आधीच्या मालकाने तो का वाढवला? तो मूर्ख नव्हता. इंजिन जेवढे फिरून चौदा दात्यांवर ताशी साठ किलोमीटर पळवते, तेवढेच फिरून पंधरा दात्यांवर चौसष्ट पळवते. सपाट, मोकळा रस्ता, एकटा माणूस, मागे ओझे नाही, अशा वेळी इंजिन शांत चालते आणि थोडे पेट्रोलही वाचते. जुन्या बुलेटचे हौशी लोकही असेच करत. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली. त्या काळच्या बुलेटची पुढची चकती क्लचच्या मागे दडलेली असे. ती काढायची तर आधी क्लच उतरवावा लागे. आणि मागची चकती ब्रेकच्या ड्रमाशी एकजीव असे, म्हणून बदलायची तर पुढचीच बदलत. अर्ध्या दिवसाचे काम, पण हौसेला मोल नाही.

हा मोह आम्हांलाही झाला होता. ॲव्हरेज वाढेल असे एका मित्राने सांगितले, म्हणून आम्हीही आमच्या गाडीला एक दात वाढवला. मग मागे सोबती आणि पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन मुरबाडवरून जुन्नरकडे निघालो. कल्याणपर्यंत आम्ही खूश. माळशेज घाटात गाडी पहिल्या गिअरवरून वर जाईना. इंजिन तापले. सोबत्याला उतरवले आणि तो गठ्ठा डोक्यावर घेऊन वळणावळणाने चालत आला. वाचलेले पेट्रोल त्या घाटात दामदुपटीने गेले. त्याने ते अजून विसरू दिलेले नाही.

आमच्या पाणीवाल्याने नवा चेन सेट घेतला. पुढे १४, मागे ४२. सात हजारांच्या चौथ्या हिश्श्यातही भागले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गिअरवर पूल चढलो, असे त्याने सांगितले. कर्जाचा अर्ज लिहायचा राहूनच गेला.

मग एका बाईंनी विचारले होते, "आमचा मुलगा रोज ओझंच नेतो. चौदाचे तेरा केले तर?" प्रश्न चांगला आहे. बेचाळीस भागिले तेरा, ३.२३. जोर तेराव्या हिश्श्याने वाढतो. पण साठच्या जागी छपन्नच पळते, मोकळ्या रस्त्यावर इंजिन ओरडते आणि पेट्रोल जास्त लागते. शिवाय चकती जितकी लहान, तितकी साखळी जास्त मुरडते आणि लवकर झिजते. मागे तीन दाते वाढवून पंचेचाळीस केले तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन, हा ठोकताळा या गाडीपुरता लक्षात ठेवा. पुढचा एक दात बदलला तर मागचे चाक तीन-चार मिलिमीटर सरकवून भागते. मागचे तीन वाढवले तर जुनी साखळी पुरेलच असे नाही. म्हणून बदल करायचाच तर एकाच दाताचा करावा आणि महिनाभर चालवून पाहावे. गाडी नवी असेल तर आधी वॉरंटीचा कागद वाचावा.

चकतीवरच्या ४२८ चे राहिले. तो साखळीचा नंबर. पहिला ४ म्हणजे आठ भागांपैकी चार, अर्धा इंच. एका पिनीपासून दुसऱ्या पिनीपर्यंतचे अंतर तेवढे. साखळीवर आणि दोन्ही चकत्यांवर हा नंबर एकच हवा. जुन्या चकतीचे दाते विळ्याच्या टोकासारखे वाकलेले दिसले तर तिन्ही एकदम बदला. झिजलेली साखळी नवी चकतीही खाऊन टाकते.

नवी साखळी बसवल्यावर ती फार ताणू नका. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा. बहुतेक लहान गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर ढील लागते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. आणि साखळी पुसताना इंजिन बंद ठेवा. चाक हाताने फिरवा. गाडी मधल्या स्टँडवर चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडके लावणारे आम्ही पाहिले आहेत. फडके दात्यांत गेले की मागोमाग बोट जाते.