उचलीपायी माणूस बांधता येत नाही
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)

बाया-बापयांनो, दिवाळी झाली की आपण वीटभट्टीवर जातो. शेठ उचल देतो, आठवड्याला खर्ची देतो. पावसाच्या तोंडाला हिशेब होतो, तर पैसे आपल्याच अंगावर फिरतात! पुढच्या साली परत तिथंच. इकडे प्लॉट पडीक, आणि गार्ड म्हणतो, "तुम्ही कसत नाही."

आता ऐका. १९७६ चा वेठबिगारी बंदीचा कायदा आहे. बांधून ठेवणारं कर्ज त्यानं रद्द केलंय. बांधणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून खर्ची दर आठवड्याला वहीत लिहा. एकट्यानं शेठकडे जाऊ नका. सगळा पाडा मिळून तहसीलदाराकडे अर्ज देऊ, पोच घेऊ. भीती मलाही वाटते. पण वही आणि पाडा सोबत असला की कमी वाटते.

जिंदाबाद!