यंत्राचे आकडे आणि मेलची लबाडी



फळ्यावर आम्ही एक वाक्य लिहिले आहे: ‘जगात माणसे १० प्रकारची; द्विमान अंक जाणणारी आणि न जाणणारी.’ उरलेले आठ प्रकार कुठे गेले, असे आपण विचाराल. संगणकाला शून्य आणि एक एवढेच अंक ठाऊक. त्यांत ‘दोन’ लिहायचे तर १० असेच लिहावे लागतात. प्रोग्रॅमर लोकांचा हा जुना विनोद. प्रत्येक खात्यात असे विनोद असतात. जो हसला तो आपल्यातला.

त्यांच्यात एक गोष्टही सांगतात, मेल नावाच्या माणसाची. अमेरिकेत रॉयल मॅकबी कंपनीत त्याच्याबरोबर काम केलेल्या एड नेथर यांनी ती १९८३ साली लिहून काढली. तिथल्या आर.पी.सी. ४००० या यंत्राची स्मृती फिरत्या ड्रमवर असे. पुढचा हुकूम वाचणाऱ्या टोकाखालून निसटला, की ड्रम पुन्हा फिरून येईतो खोळंबा. आकड्यांऐवजी अक्षरी खुणा लिहाव्यात, त्यांचे आकडे यंत्राने करावेत, म्हणून असेंब्लर निघाला. हुकमांच्या जागाही तोच ठरवी. मेलने तो वापरला नाही. तो नुसते आकडे लिही, आणि प्रत्येक हुकूम नेमक्या क्षणी टोकाखाली येईल अशा जागी बसवी.

त्याने यंत्रावर पत्त्यांचा खेळ बसवला होता. विक्रीखात्याने फर्मावले: खटका दाबला की गिऱ्हाईक जिंकावे, अशी सोय कर. ही लबाडी आहे, म्हणून मेलने नकार दिला. साहेबांनी फार गळ घातली तेव्हा लिहून दिले. पण घडले उलटे! खटका दाबताच यंत्रच लबाडी करून दरवेळी जिंकू लागले. मेल खूष, दुरुस्तीला साफ नकार.

पुढे तो नोकरी सोडून गेला आणि काम नेथरांच्या गळ्यात पडले. त्यांना एक फेरा सापडला, ज्यातून बाहेर पडण्याची अटच नव्हती. तरी यंत्र बाहेर पडे. कोडे उलगडायला दोन आठवडे लागले. मेलने माहिती स्मृतीच्या अगदी शेवटाला ठेवली होती. पत्ता वाढत वाढत भरून सांडला, की हातचा एक हुकमाच्या आकड्यात मिळे, आणि तोच हुकूम ‘उडी मार’ असा होई!

आम्ही लेथवर उमेदवारी केली. आमचे उस्ताद हत्याराला धार लावताना पाठ फिरवीत. ते गेल्यावर आम्ही कितीतरी जॉब बिघडवले, पगार कापून घेतला. म्हणून हुन्नर मुठीत ठेवणारा गडी आम्हांला आवडत नाही, मेलसुद्धा नाही. पण साहेबाला ‘ही लबाडी आहे’ असे तोंडावर सांगण्याची ताकद त्याला त्याच हुन्नराने दिली, हेही आम्हांला नाकारता येत नाही.

नेथरांनी साहेबाला सांगितले, ती जागा काही सापडत नाही. त्यांनी नोकरी सोडली तेव्हाही खटका दाबला की यंत्र लबाडी करीतच होते.