नट किती आवळायचा?

(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आधी कबूल करतो, बी विंगच्या लिफ्टला १९ दिवस उशीर झाला तो माझ्यामुळे. त्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवावं लागलं. त्यांच्या मुलाने मला जिन्यात विचारलं, "काका, चार नटांसाठी एवढं?" तो इतका दमलेला होता की मला काही बोलवलं नाही. ते उत्तर आज देतो.

आपला लिफ्टचा मनोरा लोखंडी. त्याचे खांब तुकड्यांत आणून जागेवर जोडले. पूर्वी असे जोड रिव्हेटचे असत. १९४३ साली खुला झालेला कलकत्त्याचा हावडा पूल रिव्हेटांवरच उभा आहे. आता हाय-स्ट्रेंथ बोल्ट आले. आपल्याकडे वापरले ते एम २०, ग्रेड ८.८ चे. हा बोल्ट नुसता बसवायचा नसतो, ताणायचा असतो. नट फिरला की बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित लांबतो, आणि परत आखूड होण्याच्या धडपडीत दोन्ही प्लेटा करकचून दाबून धरतो. मग भार जातो तो प्लेटांमधल्या घर्षणातून. (म्हणूनच प्लेटांच्या टेकणाऱ्या तोंडांना रंग लावू दिला नाही. त्यावरूनही बोलणी खाल्ली!) एकेका बोल्टमध्ये साधारण १४ टन ताण हवा. एवढ्या ताणाने आपल्या जोडातला बोल्ट लांबतो किती? पाव मिलिमीटरच्याही आत. डोळ्याला दिसत नाही, हीच तर पंचाईत.

मग कळायचं कसं? टॉर्क रेंचने, असं कुणीही म्हणेल. आपल्या बोल्टला हिशेबाने सुमारे ५६० न्यूटन-मीटर येतात. पण लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा नटाखाली आणि आट्यांत घासण्यात जातो. आटे गंजलेले असले तर रेंच खटकन वाजतो, आकडा बरोबर, ताण मात्र निम्मासुद्धा नाही. उलट तेल-ग्रीस लागलं तर त्याच आकड्याला बोल्ट जादा ताणला जातो. माझ्या उमेदवारीत एका साइटवर हेल्परने भलेपणाने ग्रीस चोपडलं आणि ३ बोल्ट आवळतानाच तुटले. आकडा मी दिलेला होता, पुस्तकातून, त्या लॉटचा एकही बोल्ट न तपासता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून मला खुणेची पद्धत आवडते. आधी साध्या पान्याने, एका माणसाच्या पूर्ण जोराने, जोडाच्या मध्यापासून कडेकडे सगळे नट आवळायचे. प्लेटा एकमेकींना नीट भिडल्या पाहिजेत. मग नट, बोल्टचं टोक आणि प्लेट यांवरून एक सरळ रेघ मारायची. त्यानंतर बोल्टच्या लांबीप्रमाणे एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश फेरा. रेघ तुटून सरकलेली दिसते. खालून कुणीही मोजावी.

आपल्या कंत्राटदाराने मला तक्ता दिला. ९६ बोल्ट, ९६ ओळी, प्रत्येकीत ५६०. एकही कमी-जास्त नाही! हातमापाची ओळसुद्धा इतकी सरळ नसते. खुणा कुठेच नव्हत्या. मी परांचीवर चढलो. (सौ. खालून ओरडत होत्या, ते वेगळं.) माझ्याजवळ दीड फुटी पाना. पुरा आवळलेला नट त्याने हलवायला सव्वाशे किलोचा जोर लागावा. माझं वजन ६२. पहिल्या जोडातले ५ नट माझ्या हाताने फिरले.

बाकीच्यांतले कुठले ताणलेले, कुठले नाहीत, हे सांगायला आता मार्ग नव्हता. एकदा पुरा ताणलेला बोल्ट सोडून परत वापरू नये, म्हणून सगळे ९६ नवीन मागवले. कंत्राटदार भांडला, पण खर्च त्याने सोसला. उशीर मात्र आपल्या माथी आला, सर्वांत जास्त आजींच्या.

आजी आता लिफ्टने खाली येतात. पुढच्या वर्षी मनोऱ्याला रंग काढायचाय. रंगाऱ्याला काम देण्याआधी त्या पिवळ्या रेघांचे जोडवार फोटो काढून सोसायटीच्या फाइलला लावा. मी असेन नसेन, सेक्रेटरीसाहेब, हे मिनिट्समध्ये घ्या.