माणदेशांतील साहाय्याची वाट

सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोंकास, माण नदीच्या कांठीं म्हसवड हें गांव आहे. सिद्धनाथाचें देवालय आणि मार्गशीर्षांतील त्याची रथयात्रा यांमुळें त्याचें नांव दूरवर पोंचलें आहे. परंतु ह्या मुलखाची खरी ओळख पावसाच्या अभावानें होते. महाबळेश्वरीं दोनशें इंचांहून अधिक वर्षाव करणारे ढग त्याच जिल्ह्याच्या ह्या टोंकास येईपर्यंत रिते होतात, आणि वर्षास वीस इंच पाऊस पडला तरी तो चांगला म्हणावा लागतो. अशा मुलखांत सरकारी साहाय्याचा प्रश्न नवा नाहीं. म्हसवडनजीकचा राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव हा १८७६-७७ च्या भीषण दुष्काळांत पोटासाठीं राबणाऱ्या माणसांच्या हातांनीं आकारास येऊं लागला. त्याच दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरील मजुराचें माप दिवसास एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसा इतक्यावर आणलें होतें. माप कमी होतें हें तर खरेंच. पण तें मागण्याचा आपणांस हक्क आहे कीं तें सरकारची दया आहे, हें त्या वेळीं मजुरास कोणीं सांगितलेंच नव्हतें.

पुढें दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८० नंतर दुष्काळासंबंधीं सरकारचे नियम तयार झाले. काम केव्हां काढावें, मजुरी किती द्यावी, पीक बुडालें असतां सारा केव्हां तहकूब करावा, हें सारें त्यांत होतें. नियम इंग्रजींत होते आणि कचेरींतील कपाटांत होते. १८९६ सालीं दुष्काळ पुन्हां आला, तेव्हां लोकमान्य टिळकांनीं व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें एक साधीच गोष्ट केली. त्यांनीं ते नियम मराठींत आणून लोकांच्या हातीं दिले. सभेचे प्रतिनिधी खेडोपाडीं गेले. कायद्यानें तुम्हांस काय मिळावयाचें आहे, तें त्यांनीं चावडीपुढें वाचून दाखविलें. त्यांनीं नवें कांहीं मागितलें नव्हतें; सरकारनें स्वतःच लिहून ठेवलेलें तेवढें लोकांस कळविलें होतें. तरीहि कांहीं प्रतिनिधींवर खटले झाले, आणि १८९७ सालीं सरकारनें सभेशीं व्यवहार करण्याचेंच बंद केलें. कायदा असणें एक आणि तो गरजवंतास ठाऊक असणें दुसरें, ह्यांतील अंतर राज्यकर्त्यांस किती सोयीचें वाटत असे, हें त्यावरून उघड होतें.

स्वराज्यांत हें अंतर मिटावयास हवें होतें. तें मिटविण्याचा एक मोठा प्रयत्न म्हसवडच्या शेजारच्याच जिल्ह्यांत उगम पावला, ही गोष्ट शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना फारशी ठाऊक नसते. सांगली जिल्ह्यांतील विसापूरचे वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते. काम मागेल त्यास काम, ह्या कल्पनेचा प्रयोग १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत प्रथम झाला. १९७२ च्या दुष्काळानें त्या कल्पनेस राज्यव्यापी रूप दिलें. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसें होतीं. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला व १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अंमलांत आला. त्याच्या खर्चासाठीं पगारदारांवर व्यवसायकर बसविण्यांत आला. मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या पगारपत्रकांत वर्षानुवर्षें जी एक लहानशी वजावट दिसत आली, तिचें मूळ अशा रीतीनें माणदेशासारख्या मुलखांतील खडीच्या ढिगाऱ्यांत आहे.

ह्या कायद्यांतील सर्वांत मोलाची वस्तु मात्र मजुरीचा दर नव्हे, तर कागदाचा एक कपटा होता. नमुना चार भरून काम मागावयाचें आणि नमुना पांच म्हणजे त्या मागणीची तारीखवार पोच घ्यावयाची, अशी महाराष्ट्रांतील रीत. मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा असें कायदा सांगतो. हाच नियम २००५ च्या राष्ट्रीय कायद्यांतहि आला. पण पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? पोचेवरील तारखेपासून. तेव्हां पोच नसली कीं तारीख नाहीं, आणि तारीख नसली कीं हक्कहि नाहीं. म्हणून जाणते कार्यकर्ते मजुरांस प्रथम एवढेंच शिकवीत कीं, अर्ज तोंडीं करूं नका आणि पोच घेतल्याखेरीज कचेरीची पायरी उतरूं नका.

हीच गोष्ट आजच्या इतर योजनांसहि लागू आहे. समजा, म्हसवडच्या आसपासच्या एकाद्या वाडींतील एक मजूर ऊसतोडीस परजिल्ह्यांत गेला आणि तेथेंच वारला. त्याच्या विधवेस दोन लेंकरें आहेत. कुटुंब दारिद्र्यरेषेखालीं असेल आणि मयत कर्ता पुरुष साठीच्या आंतील असेल, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेखालीं तिला एकरकमी वीस हजार रुपये मिळण्याजोगे असतात. १९८० सालीं सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेखालीं दरमहा रक्कम मिळण्याजोगी असते. ती २०२३ सालीं दीड हजार रुपये करण्यांत आली. अंत्योदय शिधापत्रिका असेल तर महिन्यास पस्तीस किलो धान्य. आणि १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें आहे. म्हणजे तिच्यासाठीं सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. परंतु ह्या तिन्ही गोष्टी तीन दारांमागें आहेत, आणि कोणत्याहि दारावर दुसऱ्या दाराचा पत्ता लिहिलेला नाहीं.

पहिला अडसर मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद जेथें मरण आलें त्या गांवीं होते, राहत्या गांवीं नव्हे. तेव्हां दुःखाचे दिवस सरतात न सरतात तोंच तिला त्या परक्या गांवच्या ग्रामपंचायतीकडे जावें लागतें. मुकादमानें वेळेवर नोंद केली असली तर ठीक. नसली तर खेपांवर खेपा. दुसरा अडसर नांवाचा. एका कागदावर माहेरचें नांव, दुसऱ्यावर सासरचें, तिसऱ्यावर अक्षरांची उलटापालट. आणि यंत्र तर काना-मात्रेचाहि फरक सहन करीत नाहीं. तिसरा दाखला उत्पन्नाचा. त्यासाठीं तलाठ्याची चौकशी आणि तहसीलदाराची सही लागते. तहसील कचेरी दहिवडीस आहे. मोलमजुरी करणाऱ्या बाईस एक खेप म्हणजे एका दिवसाचा रोज बुडणें आणि वर मोटारीचें भाडें. चार खेपा झाल्या कीं शेजारीण म्हणते, ‘राहूं दे बाई, आपल्या नशिबीं नाहीं.’ कचेरींत मात्र तेवढ्यावरून कोणी अर्जदारच आला नाहीं, अशी समजूत होते.

ह्या दाखल्याची एक चमत्कारिक कथा आहे. पिवळ्या शिधापत्रिकेसाठीं कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पंधरा हजार रुपये. निराधार अनुदानासाठीं २०२४ सालीं ती होती एकवीस हजार. अन्नसुरक्षेच्या कायद्याखालीं प्राधान्य कुटुंब ठरविण्यास ग्रामीण भागांत चव्वेचाळीस हजार आणि शहरी भागांत एकोणसाठ हजार. म्हसवडास नगरपरिषद असल्यामुळें गांवांत एक माप लागतें आणि शेजारच्या खेड्यांत दुसरें. दारिद्र्य एकच, पण तें मोजण्याच्या पट्ट्या अनेक! त्यांतहि २०२४ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसास २९७ रुपये होती. कायद्यानें हमी दिलेले शंभर दिवस जिनें पुरे केले, तिची कमाई होते २९,७०० रुपये; म्हणजे निराधार ठरण्यास ती अपात्र. एकाहत्तराव्या दिवशींच ती मर्यादा ओलांडते. एका हातानें सरकार जें काम देतें, त्याच्याच हिशेबानें दुसरा हात अनुदान आंखडतो. परिणामीं गांवोगांव खरें उत्पन्न सांगणारी बाई मागें पडते आणि तलाठ्यापुढें ओशाळून आंकडा कमी करून घेणारी पुढें जाते. हा दोष तिचा नव्हे; वर्षानुवर्षें न बदललेल्या मर्यादेचा आहे.

उलटपक्षीं म्हसवडच्या बायकांनीं कागदापुढें हार मानली नाहीं, असाहि एक दाखला आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानें येथील स्त्रियांनीं स्वतःची सहकारी बँक काढण्याचें ठरविलें. बँकेच्या प्रवर्तक म्हणून पुढें आलेल्या कित्येकजणींस लिहितांवाचतां येत नव्हतें, म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या घरीं परतल्या, अक्षरें गिरवूं लागल्या आणि पुन्हां अधिकाऱ्यांपुढें उभ्या राहिल्या. आम्हांस वाचतां येत नसेल, पण कोणत्याहि रकमेचें व्याज आम्ही तोंडीं सांगतों, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय सांगतील काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढें २००८ सालीं त्याच गांवांतून स्थानिक नभोवाणी बोलूं लागली. धनगरवाड्यावर, मेंढरांच्या मागें, चुलीपुढें पोंचणारा आवाज म्हसवडाबाहेर पुष्कळ ठिकाणीं अजून नाहीं.

२०१५ सालीं महाराष्ट्रांत लोकसेवा हक्काचा कायदा झाला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला अशा अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळाव्यात, अर्जाची पोच क्रमांकासह मिळावी, विलंब झाल्यास वरिष्ठाकडे अपील करतां यावें आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंड व्हावा, अशी त्यांत तरतूद आहे. १८९६ सालचे नियम कपाटांत होते. हा कायदा कचेरीच्या भिंतीवर फलकरूपानें लावावा असाच दंडक आहे. प्रश्न एवढाच कीं, तो फलक वाचून कोण दाखवितो. शहरांतील घरीं धुणेंभांडीं करणारी, इमारतीवर विटा वाहणारी बाई बहुधा अशाच एकाद्या तालुक्यांतून आलेली असते. तिच्या गांवीं तिची सासू निराधार असेल, तिची शिधापत्रिका तेथेंच अडकली असेल. एकाच देशांत एकच शिधापत्रिका चालावी, ह्या व्यवस्थेनें ती आपल्या वांट्याचें धान्य आतां शहरांतील दुकानांतूनहि उचलूं शकते. पण घरमालकिणीस तें ठाऊक असलें तरच ती तिला सांगणार.

दहिवडीच्या कचेरींत खिडकीपुढें रांग असते. वाडीवरून आलेली ती बाई पिशवींतून कागद काढते. कारकून ते घेतो, पाहतो आणि बाजूस ठेवतो. मागची माणसें पुढें रेटतात. बाई हालत नाहीं. तिला कोणीं तरी सांगितलेलें असतें, आणि ती तेवढेंच पुन्हां पुन्हां म्हणते, ‘साहेब, पोच द्या.’