चोर कोण, टोचणी कुणाला?

आजचा विषय मला दिलाय 'साहित्य आणि सदसद्विवेकबुद्धी'. शब्द एवढा लांब की उच्चारतानाच दम लागतो. आपल्या वस्तीत त्याला टोचणी म्हणतात. आत काहीतरी खुपतं, झोप लागत नाही, ती टोचणी. मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत पोती वाहतो, कविता लिहितो. मी टोचणीवरच बोलणार.

साधूबुवांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळे आपल्याला सांगत आले, की आतला आवाज म्हंजे देवाचा आवाज. तो ऐक, चुकणार नाहीस. मी म्हणतो, थांबा. तो आवाज आत घातला कुणी? आपली सावली पडली म्हणून आंघोळीला पळणाऱ्यालाही आतूनच वाटत होतं. आंघोळ चुकली तर त्याला टोचायचं. माणसाला गुरापेक्षा खाली ढकललं, याचं टोचत नव्हतं. टोचणी होती, पण भलत्या जागी. समाज लहानपणीच माणसाच्या आत आपला पहारेकरी बसवतो आणि त्याचं नाव विवेक ठेवतो.

ही भानगड मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने नेमकी पकडली. तो मिझुरी या गुलामगिरीच्या राज्यात वाढला. त्याची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी १८८४ साली इंग्लंडात आणि १८८५ साली अमेरिकेत निघाली. गुलामगिरी कायद्याने १८६५ सालीच संपली होती. कादंबरीतला काळ त्याच्या आधीचा. हक हा दारुड्या बापाचा, पळून आलेला गोरा पोरगा. जिम हा पळालेला काळा गुलाम. दोघं तराफ्यावरून मिसिसिपी नदीने चाललेत. जिम म्हणतो, सुटलो की पैसे साठवून बायकोला सोडवीन, पोरांना विकत घेईन. मालकाने विकली नाहीत तर पळवून आणीन. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो. का? तर जिमची पोरं ही कुणाची तरी मालमत्ता. बाप स्वतःची पोरं 'चोरणार', आणि आपण त्या चोराला मदत करतोय! पोराची सदसद्विवेकबुद्धी त्याला कुरतडायला लागते.

पुढे दोन भामट्यांपैकी एक जिमला चाळीस डॉलरला फुंकून टाकतो. हक मालकिणीला चिठ्ठी लिहितो, की तुझा गुलाम इथे आहे. लिहिल्याबरोबर पाप धुतल्यासारखं त्याला हलकं वाटतं. मग जिम आठवतो. हकची झोपमोड नको म्हणून त्याच्या वाटणीचा पहारा स्वतः करणारा जिम. हक चिठ्ठी फाडतो. आता आपण नरकात जाणार अशी त्याची खात्री असते. तरी फाडतो.

दोस्तहो, आपण बरोबर वागतोय हे या पोराला ठाऊक नाही. धर्म, कायदा, शेजारपाजार सगळे त्याला चोर ठरवतात आणि त्यालाही ते पटलेलं आहे. पण जिमबरोबर जागवलेल्या रात्री त्या सगळ्यांना पुरून उरतात. ट्वेनने पुढे स्वतःच टिपून ठेवलं, की इथे निकोप काळीज आणि बिघडलेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि ती बुद्धी हरते.

एवढ्यावर टाळ्या वाजवून आपण उठायचं नाही. या कादंबरीत निवड करतो कोण? गोरा पोरगा. जिम हा त्याच्या परीक्षेचा पेपर! शेवटी तर टॉम सॉयर हे दुसरं पोरगं जिमच्या सुटकेचा खेळ मांडतं. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मोकळं केलंय, हे त्याला माहीत असतं. तोच टॉम गोळी लागून पडतो, तेव्हा जिम पळायची संधी सोडून त्याच्यासाठी थांबतो आणि पुन्हा पकडला जातो. केवढी मोठी निवड! तिच्यावर पुस्तक फार रेंगाळत नाही. पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने जिमच्या तोंडून ही गोष्ट सांगितली ती २०२४ साली, 'जेम्स' या कादंबरीत. २०२५ साली तिला पुलित्झर मिळालं. आपल्याकडच्या प्रस्थापितांनीही दलित पात्र बहुतेक वेळा नायकाचं काळीज किती मऊ आहे हे दाखवायलाच वापरलं.

ते पान बाबुराव बागुलांनी उलटलं. १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. नाव नीट ऐका. पुन्हा चोरी! कामावर लागलेला दलित तरुण जात लपवतो, ती उघडकीला येते आणि तो मार खातो. जी आपण कधी मागितली नाही, जन्मताच कपाळावर ठोकली गेली, ती झाकली तरी आपण चोर. हक चोर, जिम चोर, बागुलांचा कामगार चोर. कायदा मालकाचा असला की आपलं माणूसपणच चोरीचा माल ठरतं.

गोदीतून सुटताना गेटवर झडती होते. फाटक्या गोणीतली मूठभर साखर खिशात सापडली, तर कामगार चोर. आठ माणसांचं काम सहा जणांकडून करून घेऊन हिशेबात आठ दाखवणारा ठेकेदार मी पाहिलाय. त्याची गाडी त्याच गेटातून सलाम घेत बाहेर पडते.

आता महाड. मुंबई विधिमंडळाचा ठराव १९२३ चा, नगरपालिकेने तळं खुलं केलं १९२४ साली. कागद आपल्या बाजूने. तरी २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाणी प्यायलं म्हणून डोकी फुटली आणि तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून 'शुद्धी' झाली. ओतणाऱ्यांची टोचणी फिटली! म्हणून त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. ही टोचणी जिथे तयार होते, तो कारखानाच पेटवला. जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. पहारेकरी त्यांच्या आतही बसवलेला असणार. त्यांनी हाकलला. म्हंजे हाकलता येतो. 'आमचे संस्कारच तसे' ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचं भाषण पचलं नाही. त्यांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही आणि भाषण स्वखर्चाने छापलं. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितलाय. नियम हुकूम देतो, अमुक कर. तत्त्व माणसाच्या हातात मोजपट्टी देतं आणि निवडीची जबाबदारी त्याच्यावर टाकतं. बुद्धानेही कालामांना हेच सांगितलं होतं: परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर मानू नका, तपासा. येवल्याची घोषणा १९३५ ची, नागपूरची दीक्षा १९५६ ची. मधली एकवीस वर्षं बाबासाहेब तपासत होते.

आणि आपण? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि सोयरीक जुळवताना पोटजात विचारायची! सभेत मनुस्मृती जाळायची आणि घरी बायकोवर हात उगारायचा! भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव झाकणाऱ्या पोराला मी दोष देणार नाही, दोष घरमालकाचा. पण शिकून ब्लॉकमध्ये राहायला गेल्यावर गटार उपसायला आलेल्या माणसाला जो वेगळ्या कपात चहा देतो, त्याला मी सोडणार नाही. हाताने मैला उपसण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा झाला. तरी माणसं गटारात गुदमरून मरतातच. शहर नाक दाबून पुढे जातं. त्याला टोचत नाही. आपल्याला तरी टोचतं का?

शेवटचं, लिहिणाऱ्या पोरांसाठी. कविता लिहून झाली आणि एकदम हलकं वाटलं, तर सावध व्हा. मालकिणीला चिठ्ठी लिहिल्यावर हकलाही हलकंच वाटलं होतं. आपण लिहिलंय ते कुणाच्या पत्त्यावर चाललंय, हे बघा. मालकाच्या पत्त्यावर जात असेल, तर फाडा. लोक चोर म्हणतील. म्हणू देत.

जय भीम.