उरलेल्या गोळ्या आणि हृदयाची झडप



आपल्या परभणी जिल्ह्यात ताप आला की आपण डॉक्टरांना काय म्हणतो? "एक सुई द्या, सलाईन लावा." बुडालेली मजुरी परवडत नाही, म्हणून घाई असते, ती मी समजू शकतो. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात आणि पुढे शेजारणीच्या लेकराला दिल्या जातात. या सवयीची किंमत कधी कधी हृदयाला मोजावी लागते.

लहानपणी घशाच्या संसर्गानंतर सांधे सुजवणारा ताप येतो, त्याला रुमॅटिक फीवर म्हणतात. त्यात काहींच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. पुढे किडलेल्या दातांतून, जखमेतून किंवा सलाईनच्या सुईतून जंतू रक्तात शिरले, तर ते अशा झडपेवर ठाण मांडतात. जंतूंच्या त्या गोळ्यात औषध सहज शिरत नाही. म्हणून शिरेतून साधारण चार ते सहा आठवडे उपचार करावे लागतात. गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर लकवा मारतो.

त्यातच जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नसतील, तर हाताशी मोजकीच औषधं उरतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं की, अपुऱ्या मात्रेनं जंतू निर्ढावतात. मेथिसिलिनला न जुमानणारे जंतू तर १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये सापडले.

आपल्याकडे कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रभावी प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषध दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. पण चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणारे आपणच असू, तर ती वही काय करणार?

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. झडपेचा आजार असेल, तर तो प्रत्येक डॉक्टरांना आधी सांगा आणि दात जपा. आणि अशा माणसाचा ताप हटत नसेल, तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचं कल्चर करायचं का, हे विचारा. आधीच सुई टोचली, तर जंतू तपासणीत अनेकदा सापडत नाही, पण झडप कुरतडत राहतो.

ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात मिळावी, ही मागणीही आपणच करायची आहे. प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.